नऊवारीचा काष्टा, दुप्पट वेगातलं गाणं आणि खालच्या यादीतली नावं

टाका_दोरा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी कपडेपटात काम करते. आधी मालिका केल्या, गेली काही वर्षं जास्त करून म्युझिक व्हिडिओ. मध्यंतरी एका नावाजलेल्या गायिकेच्या व्हिडिओवर होते. तिचं आणि निर्मात्यांचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही. त्या दिवसाबद्दल लिहायचं ठरवून दोन महिने झाले, आज बसलेच.

शूटिंग वाईजवळ मेणवलीच्या घाटावर होतं. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली कृष्णेच्या पायऱ्या, अनेकांनी सिनेमांत पाहिल्या असतील. आम्ही मुंबईहून रात्री निघालो आणि पहाटे साडेचारला पोचलो. सहाचा पहिला शॉट होता. गायिकेला हिरवी नऊवारी नेसवायची होती. शिवलेली चालणार नाही, खरीच हवी, असं दिग्दर्शकाने आधीच सांगितलेलं. मला ते मनापासून पटलं होतं. शिवलेल्या नऊवारीच्या निऱ्या कॅमेऱ्याला मेलेल्या दिसतात.

आता यातली मेख ऐका. व्हिडिओमध्ये ती संथपणे गिरकी घेते, पदर हवेत तरंगतो, पण ओठ मात्र गाण्याबरोबर बरोब्बर हलतात, असं तुम्ही पाहता ना? ते करायला सेटवर गाणं दुप्पट वेगात वाजवतात. कॅमेरा सेकंदाला 25 ऐवजी 50 चौकटी टिपतो. पुढे ते 25 च्या हिशेबाने दाखवलं की हालचाल निम्म्या वेगाने दिसते आणि ओठ मूळ गाण्यावर येऊन बसतात. म्हणजे गायिकेला स्वतःचंच गाणं दुप्पट वेगात म्हणायचं आणि त्याच वेगात नाचायचं. सेटवर तो आवाज बारीक, चिरका येतो. पहिल्यांदा ऐकताना हेच ते गाणं यावर विश्वास बसत नाही.

आणि दुप्पट वेग म्हणजे साडीला बसणारा हिसकाही तसाच. तिसऱ्या टेकला काष्टा सुटला. पूर्ण नाही, पण मागे खोचलेल्या निऱ्या चार बोटं खाली आल्या आणि तिने नाचता नाचता मागे हात नेला. दिग्दर्शकाने कट म्हटलं. सगळं युनिट माझ्याकडे बघायला लागलं. ऊन चढत होतं. पाण्यावर पडणारा तो तिरका उजेड अजून फार तर अर्धा तास टिकणार होता.

मी आदल्या रात्री कमरेला आतून कापडी पट्टी बांधायचं ठरवलं होतं. पण नेसवताना घाई झाली आणि नुसत्या पिनांवर भागवलं. चूक माझीच होती. मग तिथेच पायरीवर गुडघ्यावर बसले. स्पॉटदादांनी दोन छत्र्यांचा आडोसा केला, हेअरवाल्या ताईंनी पदर वर धरला. राहिलेली पट्टी आधी आतून बांधली, मग दुहेरी दोरा घेऊन मी काष्ट्याच्या निऱ्या एकेक करून त्या पट्टीला टाचल्या. नुसता धावदोरा घातला असता तर पुन्हा उसवला असता, म्हणून प्रत्येक निरीला उलट टीप. अंगावरच्या साडीला टाके घालायचे म्हणजे सुईचं टोक सतत आपल्याच बोटावर घ्यायचं, तिच्या अंगाकडे जाऊ द्यायचं नाही. डाव्या हाताची दोन बोटं भरून आली होती. अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ ती हलली नाही की फोन मागितला नाही. मी दोरा तोडला तेव्हा तिने माझं नाव विचारलं, आणि पुढचा दिवसभर मला नावाने हाक मारली.

काष्टा शेवटपर्यंत हलला नाही. जो टेक व्हिडिओत आहे तो त्याच्या पुढचाच.

व्हिडिओ आला. आईला फोनवर दाखवला. माझी आई डोंबिवलीत तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. तिने पूर्ण पाहिला, मग व्हिडिओखालची नावांची यादी उघडली आणि बोटाने वर-खाली करत राहिली. दिग्दर्शक, छायाचित्रण, नृत्य, वेशभूषाकार यांची नावं होती, त्यापुढे "आणि टीम". आईने विचारलं, "तुझं कुठंय?"

मला एवढंच विचारायचंय. तुमच्यापैकी कोणी या कामात असेल तर तुमचा अनुभव काय? आणि ही नावं नेमकी गळतात कुठे?

---

घुंगरू

ताई, वाचताना अंगावर काटा आला. मी पाच-सहा वर्षं बॅकग्राउंड डान्सर होते, आता क्लास घेते.

तुम्ही दुप्पट वेगाचं लिहिलंत ते आमच्या गुडघ्यांना विचारा. तालीम दोन-तीन दिवस नेहमीच्या वेगात होते आणि सेटवर गेल्यावर कळतं की हा अंतरा दुप्पट वेगात करायचाय. फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट म्हणेपर्यंत चार पावलं होऊन गेलेली असतात. त्यात पायात घुंगरं असतील तर पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा नडगीपर्यंत कळ जाते. आणि व्हिडिओत घुंगरांचा तो आवाज नसतोच! आवाज स्टुडिओत वेगळा भरलेला असतो. आम्ही घुंगरं बांधतो ती फक्त दिसायला. पण ती न बांधता नाचलं तर पाय तसा पडत नाही, हेही खरं. त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नावाचं म्हणाल तर एकाही व्हिडिओखाली माझं नाव नाही. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी, अशी मी स्वतःला शोधते.

---

नवी_पालवी

वाचतेय. खूप छान लिहिलंय. मला पुढच्या महिन्यात एका शूटिंगवर कॉस्च्यूम असिस्टंट म्हणून बोलावलंय. पैसे "नंतर बघू" म्हणालेत. जाऊ का? आणि किटमध्ये काय काय ठेवायचं?

---

लाइटमनचा_मुलगा

माझे वडील लाइटमन होते. गोरेगावची चित्रनगरी 1977 मध्ये सुरू झाली, त्यानंतर थोड्याच वर्षांत ते तिथे लागले. नव्वदच्या दशकात गाण्यांच्या अल्बमची लाट आली तेव्हा त्यांनी तसे व्हिडिओ भरपूर केले. मी लहानपणी दोन-तीनदा डबा घेऊन सेटवर गेलोय.

तेव्हा सगळं फिल्मवर चाले. 35 एमएमचा 400 फुटांचा डबा नेहमीच्या 24 चौकटींच्या वेगाने साधारण साडेचार मिनिटं पुरतो. टाका_दोरा ताई म्हणतात तसा दुप्पट वेग लावला की तोच डबा सव्वादोन मिनिटांत संपतो. म्हणजे अख्ख्या गाण्याच्या एका टेकला जवळजवळ पूर्ण डबा जातो. त्यामुळे कॅमेरा चालू होण्याआधी सगळं दहादा तपासलं जायचं. बाबा सांगायचे, फिल्मच्या काळात टेकच्या आधी सेटवर जी शांतता असायची ती नंतर राहिली नाही. आता कार्ड भरलं की दुसरं टाकायचं, वीस टेक झाले तरी कोणी विचारत नाही. मी कोणाला दोष देत नाही, पण त्या वीस टेकमध्ये घुंगरू ताईंसारख्यांचे गुडघे जातात हे खरं आहे.

बाबांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. अठरा हजार वॅटचा एचएमआय दिवा, त्याची उजेड अडवणारी दारं वळवताना चामड्याचा हातमोजा निसटला होता. तेवढ्या मोठ्या दिव्याचं लोखंड किती तापतं हे सेटवर न गेलेल्याला कळणार नाही.

टीव्हीवर ते व्हिडिओ लागले की बाबा गायकाकडे बघतच नसत. एकात खिडकीतून तिरीप येते आणि गायिकेच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडते. बाहेर तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. बाबा म्हणायचे, "ती तिरीप माझी." थर्माकोलचा एक तुकडा खालून धरून त्यांनी तिच्या दुसऱ्या डोळ्यात थेंबभर उजेड टाकला होता. तो थेंब दाखवण्यासाठी ते उठून टीव्हीपाशी जायचे आणि पडद्यावर बोट ठेवायचे.

---

सरळसोट

मी लाइन प्रोडक्शन करतो, म्हणजे शूटिंगची सगळी व्यवस्था बघतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

नावं मुद्दाम कोणी गाळत नाही. व्हिडिओ बनवणारी संस्था वेगळी असते आणि गाण्याची मालकी असलेली कंपनी वेगळी. यूट्यूबवर चढवतं तिसरंच कोणीतरी, बहुतेक वेळा त्या कंपनीचा डिजिटल विभाग. आमच्याकडून त्यांना ईमेलमध्ये दहा-बारा नावं जातात. ती कोण लिहितं? पॅकअपनंतर दोन आठवड्यांनी आठवेल तशी एखादा असिस्टंट डायरेक्टर. तोवर अर्ध्या युनिटचे फोन नंबर "लाइट 2", "सेटिंग दादा वाई" असे सेव्ह केलेले असतात. खरं नाव कोणालाच ठाऊक नसतं.

आणि स्पष्ट बोलतो, काम मिळतं ते कामावर, यादीवर नाही. खालची यादी उघडतं कोण? ताई, तुम्हाला पुढचं काम त्या अकरा मिनिटांमुळे मिळेल. ज्यांनी बघायचं त्यांनी तिथेच बघितलंय.

---

टाका_दोरा

सरळसोट, राग अजिबात नाही. कुठे गळतं ते पहिल्यांदाच नीट कळलं. पण "यादी उघडतं कोण" याचं उत्तर माझ्याकडे आहे. माझ्या आईने उघडली.

@नवी_पालवी, "नंतर बघू" वर जाऊ नकोस गं. शिकायला मिळेल म्हणून कमी पैसे घेतलेस तरी आकडा आधी ठरव आणि तो व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घे. शिफ्ट किती तासांची, रात्री उशीर झाला तर घरी सोडणार का, बाहेरगावी राहायची सोय काय, हेही त्याच मेसेजमध्ये विचार. आपल्याकडे पैसे नव्वद दिवसांनी यायची पद्धत पडून गेलीये, तेवढं गृहीत धरूनच महिना आख. टीडीएस कापतील, तो प्राप्तिकर खात्याच्या साइटवर तुझ्या नावावर जमा दिसतोय ना ते बघत जा. मी पहिली दोन वर्षं बघितलं नव्हतं.

किटचं सांगते. सुया, पिना, दुहेरी चिकटपट्टी, हुक, इलॅस्टिक, काळा-पांढरा-कातडी रंगाचा दोरा, एवढं सगळेच सांगतील. मी त्याखेरीज तीन गोष्टी ठेवते. एक, कमरेची कापडी पट्टी, दोन रुंदींची (का ते वर वाचलंसच). दुसरी, खडू. घामाच्या आणि तेलाच्या डागावर तेवढ्यापुरता फिरवला की कॅमेऱ्याला डाग दिसत नाही. तिसरी गोष्ट थर्माकोलचा छोटा खोका, गजऱ्यांसाठी.

गजऱ्याची गंमत सांगायची राहिली. गाणं काही क्रमाने चित्रित होत नाही. सकाळी दुसरा अंतरा, दुपारी मुखडा, संध्याकाळी मधलं म्युझिक. उजेड जसा मिळेल तसं. व्हिडिओत मात्र सगळं एका सलग क्षणासारखं दिसायला हवं. सहाला माळलेला मोगरा अकराला कडेने तपकिरी होतो. म्हणून एकाच लांबीचे, एकाच घट्टपणाने ओवलेले आठ गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फावर ठेवले होते. प्रत्येक बदलाआधी फोटो काढायचा. किती कळ्या उमलल्यात तेही बघायचं, कारण पूर्ण उमललेला गजरा अंबाड्यावर जास्त जागा घेतो. वाईच्या बाजारातल्या मावशींना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. त्यांनी आठही हुबेहूब करून दिले. खरं तर त्यांचंही नाव यादीत हवं.

---

वाईकर

मेणवलीचं नाव वाचून लॉगिन केलं. आमच्याकडे शूटिंग म्हणजे सणासारखं असतं. कोणाची गाडी लागते, कोणाचं जेवण जातं, पोरांना दोन दिवस काम मिळतं. त्याबद्दल चांगलंच बोलेन.

पण एक गोष्ट मनाला लागून आहे. घाटावर देवळाजवळ मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर आपल्याकडे आलेली ती पोर्तुगीज घंटा. एका शूटिंगला (तुमच्या नव्हे, बरंच आधीच्या) सजावटीच्या माळा अडकवायला त्या भागात दगडाच्या सांध्यांत खिळे ठोकले. नाचात उडवलेला रंग पायऱ्यांवरून धुऊन थेट कृष्णेत सोडला. चार दिवस पायऱ्यांच्या फटी गुलाबी होत्या. मी आणि आणखी दोघांनी खिळे काढले. एक अजून तसाच आहे, काढायला गेलो तर दगडाची कपची निघते.

पडद्यामागच्या लोकांची नावं यायलाच हवीत. जागेचंही नाव द्या, एवढी विनंती. आमचा घाट किती व्हिडिओंत आहे आणि किती जणांना तो राजस्थानातला वाटतो!

---

रंगपेटी

मी मेकअप करते. सरळसोट यांच्या "यादी उघडतं कोण" याला माझंही उत्तर.

आमच्या क्षेत्रात संघटनेच्या नियमाप्रमाणे बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे. बाईने फक्त केस करायचे, रंग लावायचा तो पुरुषाने. मेकअप आर्टिस्ट चारू खुराणा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि 10 नोव्हेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. मी त्याच्या आधीपासून या कामात आहे. माझ्या कार्डावर हेअरड्रेसर लिहिलेलं होतं. मेकअप व्हॅनिटी व्हॅनच्या आत, दार लावून करायचा. बाहेर तपासणी आली की हातातला ब्रश ठेवून कंगवा उचलायचा. नटीचा चेहरा मी केलेला आणि यादीत नाव दुसऱ्याचं, कारण माझं लिहिलं असतं तर निर्मात्याला दंड झाला असता.

त्यामुळे यादीतलं नाव ही माझ्यासाठी हौसेची गोष्ट नाही. मी हे काम करू शकते, करते आहे आणि उघडपणे करते आहे, याचा तो कागद आहे.

जाता जाता आणखी एक. नवी_पालवी, बाहेरगावच्या शूटिंगला पहिला प्रश्न बाथरूमचा विचार. व्हॅनिटी गायिकेची असते. तुझ्यासाठी काय, ते निघायच्या आधी विचार. न लाजता विचार. मी उन्हात बारा-बारा तास पाणी न पिता काढलेत आणि त्याची किंमत पुढे डॉक्टरकडे मोजलीये. आता मी शेवटच्या असिस्टंट मुलीपर्यंत सगळ्यांसाठी विचारते, आणि सोय नसेल तर येत नाही.

---

कोळीवाडा

रंगपेटी ताई, सलाम.

2016 मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा तो भारतात चित्रित केलेला व्हिडिओ आला. त्याचं काही शूटिंग आमच्या वरळीला झालं होतं. अजून कोणी पाहुणा आला की त्याला फोनवर लावून दाखवतात, ही बघ आपली गल्ली. गल्लीचा एवढा आनंद होतो, तर ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याला नावाचा किती होत असेल.

---

काळा_कोट

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण घुंगरू यांच्या प्रतिसादाशी तिचा थेट संबंध आहे.

कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला त्याची चर्चा खूप झाली. त्याच दुरुस्तीत 'परफॉर्मर' कोणाला म्हणायचं याच्या व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, जोडलं गेलं. चित्रपटात एखाद्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक असेल आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजात त्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेही दिलं जात नसेल, तर कायदा त्याला परफॉर्मर मानत नाही. त्याच्याकडे उरतो तो एकच हक्क, म्हणजे त्याच्या कामाची मोडतोड करून बदनामी होत असेल तर दाद मागण्याचा. आणि कायद्याच्या भाषेत 'चित्रपट' या शब्दात अशी दृकश्राव्य चित्रणं येतात.

दुसऱ्या ओळीतल्या नर्तिकेचं काम किरकोळ मानायचं का, यावर वाद घालता येईल, आणि मी तो घालेन. पण नाव न देण्याचा रिवाज जितका रुजेल तितकी ती बाजू लंगडी पडते. तेव्हा यादी कोणी वाचत नाही असं म्हणून तो विषय सोडू नका. कॅमेऱ्यामागच्यांना ही व्याख्या लागू नाही, त्यांचं जे काही आहे ते करारात. म्हणून करारात "श्रेय दिले जाईल" ही एक ओळ आणि नावाचं स्पेलिंग घालून घ्या.

---

बे_एरिया

इथे अमेरिकेत मी एडिटिंगमध्ये आहे. एक जुनी गोष्ट सांगते.

एमटीव्ही 1 ऑगस्ट 1981 ला सुरू झालं. व्हिडिओच्या सुरुवातीला आणि शेवटी कोपऱ्यात गायक, गाणं, अल्बम आणि कंपनी यांची नावं यायची. दिग्दर्शकाचं नाव तिथे यायला डिसेंबर 1992 उजाडला. अकरा वर्षं! आणि तो तर दिग्दर्शक. खरं तर मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' व्हिडिओच्या वेळीच, 1983 मध्ये, लोकांना पडद्यामागचं किती बघायचं असतं ते कळलं होतं. चौदा मिनिटांच्या त्या व्हिडिओचा खर्च भागवायला त्याचं 'मेकिंग' आधीच विकलं होतं. रिक बेकर यांनी मायकल जॅक्सनच्या चेहऱ्यावर बसवलेला तो प्राण्याचा मुखवटा कसा तयार झाला, ते त्यातच दिसतं. लोकांनी आवडीने पाहिलं.

दिग्दर्शकांचं नाव यायला लागल्यावर लोक त्यांना ओळखायला लागले, त्यांचे जुने व्हिडिओ शोधून बघायला लागले. इथे ज्यांच्याबरोबर मी शिकले ती पिढी त्या कोपऱ्यातल्या ओळीवरून आपला आवडता दिग्दर्शक ठरवायची. म्हणून सरळसोट यांचं "काम मिळतं ते कामावर" मला अर्धंच पटतं. काम कोणाचं हे कळलं तरच ना!

बाकी डिस्क्रिप्शनमध्ये 5000 अक्षरं मावतात. जागा नाही हे कारण चालणार नाही.

---

सरळसोट

दोन दिवस विचार करत होतो. रंगपेटी ताईंचं वाचल्यावर "यादी उघडतं कोण" हे वाक्य मागे घेतो.

पुढच्या आठवड्यात एका व्हिडिओचं शूटिंग आहे, दोन दिवसांचं. पंचेचाळीस-पन्नास माणसं असतील. आदल्या रात्री सगळ्यांना कॉल टाइमचा कागद जातो, त्याच मेसेजला नावाचा फॉर्म जोडतो. ज्यांना फोनवर भरता येत नाही त्यांची नावं सकाळी नाश्त्याच्या टेबलावर लिहून घेऊ. नंतर आठवत बसायला नको. कंपनीच्या डिजिटल विभागाला व्हिडिओच्या फाइलबरोबरच यादी देणार, वेगळ्या ईमेलने नाही. पूर्ण यादी चढवायची हे करारातच लिहून घ्यायचा प्रयत्न करतो. जमेल की नाही ते इथे येऊन सांगेन.

टाका_दोरा ताई, कपडेपट अजून ठरलेला नाही. इथल्या 'संपर्का'तून तुम्हाला मेसेज केलाय.

---

नवी_पालवी

सगळ्यांचे आभार. मी आकडा विचारला, त्यांनी दिला. बाथरूमचंही विचारलं, रंगपेटी ताई. जवळच्या शाळेत सोय करतायत. कापडी पट्टी दोन रुंदींची घेतली.

---

टाका_दोरा

धागा वर काढतेय.

सरळसोट यांच्या शूटिंगला गेले होते. यावेळी नऊवारी नव्हती, पण लांब घेरांचे बारा घागरे होते आणि गाणं दीडपट वेगात, म्हणजे काम होतंच.

पहिल्या दिवशी सकाळी पोह्यांच्या टेबलाशी एक ताव आणि दोन पेनं ठेवलेली होती. आधी कोणी हात लावेना. लाइटचे चौघे आले, बघून पुढे गेले. मग मी लिहिलं, हेअरच्या ताईंनी लिहिलं, जनरेटरवाल्या काकांनी लिहिलं. नऊपर्यंत ताव भरला, दुसरा लावावा लागला. एकूण सत्तेचाळीस नावं झाली.

दुपारी जेवणानंतर एक स्पॉटदादा परत आले. साठीच्या आसपासचे असतील. सकाळी त्यांनी सगळे लिहितात तसं नुसतं नाव आणि पुढे "दादा" लिहिलं होतं. खिशातून युनियनचं कार्ड काढलं, प्लॅस्टिकच्या पाकिटातलं, कडा झिजलेल्या. म्हणाले, "बाई, कार्डावर आहे तस्संच लिहा. वडिलांचं नाव मधी पाहिजे." मी आधीचं खोडायला गेले तर म्हणाले, खोडू नका, खाली नवीन ओळ करा. मग कार्ड तावाशेजारी ठेवून मी एकेक अक्षर बघून लिहिलं, आणि त्यांनी मला ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.

व्हिडिओ काल आला. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस आहेत. वाईकर, जागेचं नाव सगळ्यात वर आहे.